सौरपंप घ्यावा की लाइनची वाट पाहावी? फुकटाच्या दोन सौद्यांची तुलना

वाटणीत आलेल्या तुकड्यावर नवी विहीर झाली, पाणी लागलं, आता मोटार कशावर चालवायची? दहा-पंधरा वर्षांपूर्वी याला एकच उत्तर होतं. महावितरणकडे कोटेशन भरायचं आणि खांब कधी येतो ते बघत बसायचं. आता नवीन कृषिजोडणी मागायला गेलं की आधी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा अर्ज पुढे येतो. काहींनी लाइनसाठी पैसे भरले होते, त्यांनाही सौरपंपाकडे वळवलं गेलं. त्यामुळे गावोगाव दोन तट आहेत. एक म्हणतो, सरकार नव्वद टक्के देतंय, घेऊन टाका. दुसरा म्हणतो, सरकार एवढं देतंय म्हणजे कुठेतरी गोम आहे, लाइनच बरी.

मी स्वभावाने दुसऱ्या तटातला. ऊर्जेच्या बाजारात सरकारने हात घातला की किंमत दिसेनाशी होते आणि मग निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात, हे माझं जुनं मत आहे. पण तोच संशय लाइनच्या विजेलाही लावायला हवा, आणि तिथे ही मंडळी सहसा थांबतात. मोफत वीज ही सरकारी मेहेरबानी, सौरपंप हीसुद्धा सरकारी मेहेरबानी. प्रश्न एवढाच, की मेहेरबानी संपल्यावर तुमच्या बांधावर काय उरतं.

आधी पाण्याचा हिशोब

‘पाच एचपीचा सौरपंप पाच एचपीच्या मोटारीसारखं पाणी देतो का?’ हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. विक्रेता ‘हो’ म्हणतो, शेजारी ‘छे’ म्हणतो. दोघंही अर्धवट बोलतात.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सौरपंपाला पाण्याचं किमान माप ठरवून दिलंय. ५ एचपीच्या पंपाला ४८०० वॅटचं पॅनेल. डीसी पंप असेल तर ३० मीटर उंचीसाठी दिवसाला १,६८,००० लिटर, ५० मीटरसाठी १,००,८०० लिटर आणि १०० मीटरसाठी ४५,६०० लिटर. एसी पंपाला याहून थोडं कमी. ‘दिवसाला लाख लिटर’ हा जो आकडा माहितीपत्रकांत दिसतो तो इथून येतो. त्यामागची अट मात्र कोणी वाचून दाखवत नाही. हे माप दर चौरस मीटरला दिवसाला ७.१५ युनिट ऊन पडेल असं धरून काढलेलं आहे. आपल्या राज्यात वर्षाची सरासरी पाच-साडेपाचच्या आसपास असते. उन्हाळ्यात वर जाते, ढगाळ आठवड्यात खूप खाली येते. म्हणून छापील आकड्यातला चौथा हिस्सा आधीच वजा करा. ५० मीटरवर लाखाचे पंचाहत्तर हजार लिटर राहतात, १०० मीटरवर पंचेचाळीस हजारांचे चौतीस हजार.

आणि ‘उंची’ म्हणजे विहिरीची खोली नव्हे. पाण्याच्या पातळीपासून शेताच्या सर्वात उंच बांधापर्यंतचं अंतर, त्यात पाइपमधली घासण, शिवाय ठिबक असेल तर एक किलो दाबाचे आणखी दहा मीटर. बोअर २०० फूट म्हणून निर्धास्त असलेला माणूस हे सगळं मिळवल्यावर ८० मीटरच्या पुढे जातो. मार्च-एप्रिलमध्ये पातळी खाली गेली की आणखी पुढे.

आता तोच ५ एचपीचा पंप लाइनवर. ५० मीटर उंचीवर, बऱ्यापैकी पंप असेल तर तासाला साधारण पंधरा हजार लिटर. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास. आठ तास पूर्ण मिळाले तर एक लाख वीस हजार लिटर. म्हणजे कागदावर लाइन सरळ जिंकते. पण कागदावरच. व्होल्टेज पडलं, फ्यूज गेला, ट्रिपिंग झालं, डीपीवर (म्हणजे रोहित्रावर) भार जास्त म्हणून पाळीने मोटारी चालवायचं ठरलं, की आठाचे पाच तास होतात. पाच तासांवर आलात की दोन्ही बरोबरीत, पंचाहत्तर हजार लिटर. त्याच्या खाली सौर पुढे.

म्हणून माझा पहिला निकष एचपीचा नाही, अनुदानाचाही नाही. तुमच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या शेताकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर, रब्बीत, ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी, पूर्ण दाबाने किती तास वीज येते? जाहीर वेळापत्रक विचारू नका. ज्याची मोटार त्याच डीपीवर आहे त्याला विचारा. उत्तर पाचपेक्षा चांगलंच जास्त असेल तर लाइनची वाट पाहण्यात अर्थ आहे.

दुसरा निकष पिकाचा. एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचं म्हणजे साधारण दोन लाख लिटर. पाटपाण्याने ऊस भिजवणाऱ्याला ५० मीटरवरून ५ एचपीच्या सौरपंपावर एका एकराला जवळपास तीन दिवस लागतील. चार एकर ऊस असेल तर बारा दिवसांची पाळी, त्यात दोन दिवस आभाळ आलं की चौदा. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर पंप नुसता गुरगुरतो. धार बारीक असते, पाटाने शेवटच्या सरीपर्यंत पोचतच नाही. हाच पंप ठिबकवर लावा. एका एकराला दिवसाला ५ मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर, त्यामुळे पंचाहत्तर हजारांत साडेतीन एकर डाळिंब, भाजीपाला किंवा ठिबकवरचा कांदा आरामात निघतो.

थोडक्यात, उथळ विहीर आणि ठिबक असेल तर सौर. खोल बोअर आणि पाटपाणी असेल तर सौर नको. मधल्या सगळ्यांनी वरची आकडेमोड आपल्या विहिरीची मापं घालून करावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते न करता योजनेचा अर्ज भरणं म्हणजे माप न घेता चप्पल विकत घेणं.

नदीवरून किलोमीटर-दोन किलोमीटर पाइपलाइन करून पाणी आणणाऱ्यांसाठी हा विषय जवळजवळ संपलेलाच आहे. योजनेतले ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप त्या कामाचे नाहीत. आणि कोणता पंप मिळणार हे तुमची गरज ठरवत नाही, सातबारा ठरवतो: अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्यावर ७.५ एचपी. दोन एकरवाल्याचं पाणी ९० मीटर खाली असेल तरी त्याच्या वाट्याला ३ एचपीच. पाण्याची खोली जमिनीच्या क्षेत्रफळावरून ठरते, असं मानणारा नियम मंत्रालयातच लिहिला जाऊ शकतो.

पैसे कोणाचे आणि कधीपर्यंत

सौरपंपाचा सौदा वरवर सरळ आहे. सर्वसाधारण गटाने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. उरलेलं केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून आणि राज्याकडून. किमतीचा अंदाज येण्यासाठी महाऊर्जाच्या, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या, कुसुमच्या आधीच्या दरपत्रकातले आकडे घेऊ: ३ एचपीला सुमारे १.९४ लाख, ५ एचपीला २.७० लाख, ७.५ एचपीला ३.७४ लाख रुपये. म्हणजे ५ एचपीवाल्याने सत्तावीस हजारांच्या आसपास भरले आणि दोन लाख त्रेचाळीस हजार सरकारने. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे सध्याचे दर वेगळे असतील. पोर्टलवर तुमच्या वर्गाचा हिस्सा बघून घ्या.

लाइनचा सौदा असा. २५ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळाली. नाव ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’, मुदत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९, तीन वर्षांनी आढावा. लाभार्थी ४४ लाखांवर, वर्षाचा भार १४,७६० कोटी. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला साडेतेहेतीस हजार रुपये.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. लाइनवरच्या पंपापायी सरकार दरवर्षी साडेतेहेतीस हजार भरतं. सौरपंपासाठी एकदाच दोन लाख त्रेचाळीस हजार. सव्वासात वर्षांत फिट्टंफाट, त्यानंतर सरकार फायद्यात. लाइनऐवजी सौर घ्या असा आग्रह का होतो, याचं उत्तर पर्यावरणात शोधायची गरज नाही. तिजोरीच्या डोक्यावरचं कायमचं ओझं एका हप्त्यात उतरवण्याचा हा मार्ग आहे. हरित हा शब्द त्यावर चढवलेला मुलामा. यात वाईट काही नाही, पण आपण कोणत्या सौद्यात आहोत हे माहीत असावं.

इथे एक शंका राहते. साडेतेहेतीस हजारांचा आकडा शेतीचा जो वीजवापर धरून निघतो, तोच वादाचा आहे. लाखो कृषिपंपांना मीटर नाही. गळती आणि चोरीही शेतकऱ्याच्या नावावर खपवली जाते, ही ग्राहक संघटनांची तक्रार फार जुनी आहे. खरा वापर निम्माच असेल तर सौरपंपातून सरकारचं निघणारं भांडवल सातऐवजी चौदा वर्षांनी निघेल. आकडेच असे मऊ असताना त्यावर हजारो कोटींचं धोरण उभं राहतं. माझ्यासारख्यांचा संशय सुरू होतो तो इथे, सूर्यापाशी नव्हे.

आणि मुदतीचं काय? ज्यांचं वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना २००४ आठवत असेल. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली, शून्य रकमेची बिलं घरोघर आली. निवडणूक झाली, तीच आघाडी पुन्हा सत्तेवर आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली. तिजोरीला झेपत नाही, हे कारण. २०२४ ची योजनाही जुलैत आली आणि निवडणूक नोव्हेंबरात. या वेळी निदान पाच वर्षांची तारीख लिहिलेली आहे, एवढा फरक.

म्हणून लाइन घेणाऱ्याने एक आकडा लक्षात ठेवावा. त्या १४,७६० कोटींपैकी ६,९८५ कोटींची सवलत मोफत योजनेच्या आधीपासूनच होती. शेतकऱ्याने भरायची रक्कम होती ७,७७५ कोटी, ती २०२४ मध्ये माफ झाली. उद्या नुसती ही माफी गेली, जुनी सवलत तशीच राहिली, तरी सरासरी पंपाला वर्षाला साडेसतरा हजारांचं बिल येईल. सवलतही गेली तर दुप्पट. मार्च २०२९ नंतरची ही शक्यता आजच्या निर्णयात धरायला हवी, कारण विहीर तर त्यानंतरही तिथेच असणार.

सौरपंपाच्या बाबतीत असं काही मागे घेता येत नाही. पॅनेल बसलं की बसलं. योजना बंद होवो, सरकार बदलो, ऊन चालू राहतं. सरकारी हमीवर ज्याचा विश्वास कमी त्याने खरं तर सौरपंपच निवडायला हवा. ‘फुकट वीज’ दरवर्षी नव्याने द्यावी लागते, पॅनेल एकदाच दिलं जातं. माझ्या तटातल्या मंडळींना हे पटायला जड जातं, पण तर्क तसाच जातो.

लाइनचं अनुदान दिसत नाही म्हणून ते नाही असंही समजू नये. २०१८ च्या उच्चदाब वितरण प्रणालीत, म्हणजे एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटं रोहित्र या योजनेत, २.२४ लाख पंपांसाठी ५,०४८ कोटींचा आराखडा होता. पंपामागे सव्वादोन लाख. जवळजवळ सौरपंपाएवढाच खर्च, आणि बिलाचं अनुदान त्याच्या वर वेगळं. खांब आणि तारा फुकट उगवत नाहीत.

हा सगळा पैसा शेवटी उद्योग, दुकानदार आणि शहरी ग्राहकाकडून येतो. त्यांचे दर शेतीचा भार वाहण्यासाठी वर्षानुवर्षे चढे ठेवले आहेत. सौरपंपांसाठीही उद्योग-व्यापाराच्या युनिटवर वीज विक्री कराचा बोजा आहे. गावाकडच्या विहिरीसाठी अर्ज भरणारा मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरी करत असेल, तर तो दोन्ही बाजूंना आहे.

तिसरा पर्याय, ज्यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये ‘२.०’ म्हणून मोठी केली. कल्पना अशी: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची आणि त्या फीडरवरच्या सगळ्यांना दिवसा वीज. तुमची मोटार तीच, स्टार्टर तोच. उद्दिष्ट १६,००० मेगावॅट, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तो २.० मधला पहिला.

धोरण म्हणून विचाराल तर मला हा मार्ग सौरपंपापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. बांधावरचा पंप वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस बंद असतो. पावसाळ्यात पाणी नको, पीक निघाल्यावर पाणी नको. त्या दिवसांची वीज पॅनेलवरच मरते. फीडरच्या प्रकल्पाची वीज शेतीला नको असेल तेव्हा गावाला, गिरणीला, पुढे राज्याच्या वीजजाळ्यात जाते. आभाळ आलं तर जाळ्यातून उलट वीज मिळते. दुरुस्ती हजार ठिकाणी न होता एका ठिकाणी होते. राज्याच्या पैशाची काळजी असणाऱ्याने लाखो सुटे पंप वाटण्याऐवजी फीडर आधी पुरे केले असते.

पण महिन्याभरात पंचेचाळीस हजारांवर सौरपंप बसवून जागतिक विक्रम करता येतो, तसा विक्रम फीडरचा होत नाही.

तुमच्या घरचा निर्णय मात्र धोरणावर ठरत नाही, तारखेवर ठरतो. २.० ची मूळ घोषणा होती डिसेंबर २०२५ पर्यंत किमान तीस टक्के फीडर. पुढे डिसेंबर २०२६ पर्यंत सगळ्यांना दिवसा वीज असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. सरकारी तारखांवर किती विसंबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याहून उपयोगी काम म्हणजे महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारणं: आपला शेतीचा फीडर कोणत्या उपकेंद्रावर आहे, त्या उपकेंद्राला वाहिनी योजनेतला प्रकल्प दिलाय का, आणि जागेवर काम दिसतंय का. तिसऱ्याचं उत्तर स्वतः गाडीवरून जाऊन बघा. खांब रोवले असतील, पॅनेल चढत असतील, तर वर्षभर थांबून लाइन घेणं हा अत्यंत चांगला निर्णय ठरू शकतो. जागेचाच वाद चालू असेल तर थांबू नका.

उपकेंद्राजवळ पडीक जमीन असणाऱ्यांसाठी याच योजनेत आणखी एक सौदा आहे. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १.२५ लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. एकरी पन्नास हजार झाले. मुरमाड रानात बाजरी घेऊन एवढे सुटतात का, ते तुम्हीच बघा.

रात्र

यावर आकडे नाहीत, पण अनेक घरांत निर्णय याच्यावरच होतो. रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाणं म्हणजे अंधार, चिखल, साप, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर पट्ट्यात बिबट्या. वडील सत्तरीचे आणि मुलं पुण्यात असतील तर पाणी किती कमी मिळतं याचा हिशोब तिथेच थांबतो. सौरपंप दिवसाच चालतो, त्याला दुसरं जमतच नाही, आणि अशा घरात तेच त्याचं सगळ्यात मोठं मोल.

उलट बाजूही आहे. ज्यांचं कालव्याचं आवर्तन रात्री येतं, ज्यांना विहिरीचा झरा भरायला वेळ द्यावा लागतो आणि म्हणून दोन वेळा थोडी थोडी मोटार चालवायची असते, त्यांना दिवसाचं बंधन नडतं.

बिघडल्यावर

सौरपंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पुरवठादार तुम्ही यादीतून निवडता. निवड तुमची म्हणजे बाजारासारखं वाटतं, पण पैसे सरकार देतं. पुरवठादाराचा खरा ग्राहक महावितरण असतं, तुम्ही नाही. कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटारीला जुळवून देणारी पेटी, बंद पडल्यावर फोन उचलायला किती दिवस लागतात, हे त्यामुळे नशिबावर जातं. हरभऱ्याला घाटे भरताना आठ दिवस पाणी चुकलं तर विम्याची रक्कम काय कामाची?

लाइनवाल्यांनी यावर हसू नये. डीपी जळाल्यावर गावाने वर्गणी काढून, ट्रॅक्टरमध्ये घालून ती स्वतः पोचवल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. फरक असा, की डीपी जळाली तर पंधरा शेतकरी मिळून ओरडतात, सौरपंप बिघडला तर तुम्ही एकटे.

त्यामुळे पुरवठादार निवडताना एक करा. या वर्षी बसवलेला चकचकीत पंप बघायला जाऊ नका. २०१९-२० च्या सुमाराला मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेत बसलेला जुना पंप पंचक्रोशीत कुठे आहे ते शोधा. त्याची पाच वर्षं संपली आहेत. आता मोटार कोण दुरुस्त करतं, कंट्रोलरचा सुटा भाग मिळतो का, तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा माणूस बसतो का, हे तो शेतकरी फुकट सांगेल. तीन-चार ठिकाणी तोच पुरवठादार चांगला निघाला तर यादीतून त्याला निवडा, स्वस्त-महाग हा प्रश्नच नाही, कारण तुमचा हिस्सा ठरलेलाच आहे. आणि सहाव्या वर्षापासून दरवर्षी पाचेक हजार बाजूला टाकत जा. लाइनच्या संभाव्य साडेसतरा हजारांच्या बिलापुढे हे जड नाही.

वादळ, गारपीट, माकडं, केबलचोरी यांचा धोका सौरला जास्त. विहीर वस्तीपासून लांब, डोळ्याआड असेल तर हा मुद्दा लहान समजू नका.

अनुदान न घेता?

सरकारची कटकटच नको म्हणून स्वतःच्या पैशाने पॅनेल घ्यायचं काही जण ठरवतात. विचार चांगला आहे, पण तिथेही सरकार आधीच बसलेलं आहे. एप्रिल २०२२ पासून आयात सौर पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर, म्हणजे पॅनेल ज्या चकत्यांपासून बनतं त्यांच्यावर, २५ टक्के सीमाशुल्क लागलं, पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली. कुसुमच्या पंपांना पॅनेल आणि सेल दोन्ही देशी हवेत अशी अट आहे, आणि देशी सेलचं पॅनेल महाग पडतं. एका हाताने किंमत चढवायची, दुसऱ्या हाताने त्याच चढलेल्या किमतीवर अनुदान द्यायचं. देशी कारखाने उभे राहावेत हा हेतू समजतो, पण मग ते अनुदान शेतकऱ्याचं किती आणि कारखानदाराचं किती, हेही खुलेपणाने सांगावं.

तरीही, लाइन असून रात्रीचीच पाळी येणाऱ्याला हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. सरकारी सौरपंप त्याला मिळत नाही, कारण विहिरीवर आधीच वीजजोडणी असेल तर योजनेत बसत नाही. स्वतःचं पॅनेल आणि कंट्रोलर लावून जुनीच मोटार दिवसा उन्हावर आणि गरजेला लाइनवर चालवता येते. खर्च जास्त, पण दोन्ही बाजूंनी मोकळं. तीन-चार लाखांचं नगदी पीक घेणाऱ्यालाच परवडेल.

मग कोणी काय घ्यावं

विहीर उथळ, ठिबक झालेलं, शेत तीन-चार एकरांचं, लाइन लांब आणि घरात रात्री जाणारं कोणी नाही: सौरपंप, आणि उशीर करू नये. सध्या डिझेल इंजिनावर पाणी उपसत असाल तर विचार करण्यासारखंही काही नाही.

बोअर खोल, ऊस किंवा केळी पाटपाण्यावर, खांब दोनशे मीटरवर, शेजारच्या डीपीवर सहा-सात तास चांगली वीज: लाइनसाठी अडून बसा. मार्च २०२९ नंतरच्या बिलाची तयारी मनात ठेवा.

उपकेंद्राशेजारी सौर वाहिनीचं काम जोरात चालू आहे: थांबा.

भावकीत एकाची लाइन आणि दुसऱ्याची नवी विहीर असेल तर तिथे सौर घेतल्याने दोन्ही मार्ग घरात राहतात. माझ्या मते हे सगळ्यात सुरक्षित.

पाणी फुकट उपसता येतं म्हणून जास्त उपसलं जाईल ही भीती दोन्हीकडे सारखीच आहे. रात्री ऑटो स्विच लावून झोपणारा लाइनवाला आणि दिवसभर पंप चालू ठेवून शेततळं भरणारा सौरवाला, भूजलाला दोघंही सारखेच. त्यावरून निवड करता येणार नाही.

सौर ठरलं, तर चार कामं. पुरवठादार जागेची पाहणी करायला येईल तेव्हा पाण्याची मे महिन्यातली पातळी सांगा, आजची नाही. पंपाची कमाल उंची ३० मीटर की ५०, ७०, १०० हे लेखी घ्या, कारण एकाच एचपीत हे सगळे प्रकार येतात आणि चुकीचा बसला तर पाच वर्षं तोच वापरावा लागतो. आणि सौर घेतल्यावर याच विहिरीवर पुढे लाइन मागता येईल का, हे अर्ज करण्यापूर्वी कार्यालयातून लेखी विचारून ठेवा. तोंडी ‘येईल की’ला अर्थ नसतो. पंप बसल्याच्या अहवालावर सही मागतील तेव्हा दुपारी बाराच्या उन्हात दोनशे लिटरची टाकी किती सेकंदांत भरते ते मोजून बघा. ५ एचपी, ५० मीटर असेल तर भर उन्हात एका मिनिटाच्या आत भरलीच पाहिजे. नाही भरली तर सही थांबवा.